राज्यसभेतले बाबासाहेब आणि सीमेअलीकडचे आपण



स्मरणिकेसाठी लेख मागायला मंडळाचे कार्यकर्ते आले, की आम्हांला दरवर्षी एकच प्रश्न पडतो : या वेळी इतिहासातले कोणते प्रकरण काढावे? शिवकाल, लोकमान्यांचा गणेशोत्सव, हैदराबादचा मुक्तिसंग्राम हे विषय आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत आणि त्यांवर आमच्याहून जाणत्या मंडळींनी लिहिले आहे. आमचे शिक्षण डिप्लोमापर्यंतचे, पोट सरकारी नोकरीवर. इतिहासाचे आम्ही विद्यार्थी आहोत ते केवळ आवडीपोटी. म्हणून या वर्षी एक लहानसा विषय घेतला आहे. दिल्लीच्या वरिष्ठ सभागृहात एका मराठी सभासदाने केलेली काही भाषणे, आणि त्या भाषणांचा नार्नूरच्या आपल्या उंबरठ्याशी येणारा संबंध.

ते सभासद म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, देशाचे पहिले कायदामंत्री ही त्यांची ओळख शाळेतल्या मुलालाही असते. परंतु शेवटची साडेचार वर्षे ते राज्यसभेत विरोधी बाकावर बसत होते आणि तिथे त्यांनी राज्यकारभार व न्याय यांविषयी फार परखड बोल सुनावले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यातले एक भाषण तर आपल्याच मुलखाविषयी आहे असे म्हटले तरी चालेल.

वरिष्ठ सभागृहाची वाट

हिंदू कोड बिल सरकारने मागे ठेवले, तेव्हा २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते मुंबईतून लोकसभेसाठी उभे राहिले आणि पडले. नारायणराव काजरोळकर निवडून आले. ज्याने देशाच्या निवडणुकांची घटना लिहिली त्यालाच पहिल्या निवडणुकीत मतदारांनी घरी बसवावे, हा एक विलक्षण योग. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना अपयश आले.

परंतु १९५२ सालीच मुंबई राज्याच्या विधानसभेने त्यांना वरिष्ठ सभागृहात पाठवले होते. अमेरिकेत ज्याला सेनेट म्हणतात त्या जातीचे हे सभागृह. राज्यांचे प्रतिनिधी त्यात बसतात आणि ते कधी बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात. सुरुवातीला त्याला कौन्सिल ऑफ स्टेट्स म्हणत, 'राज्यसभा' हे नाव १९५४ च्या ऑगस्टमध्ये आले. अध्यक्षस्थानी उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन. १९५६ साली मुदत संपल्यावर बाबासाहेब पुन्हा निवडून आले आणि ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा ते राज्यसभेचे सभासदच होते.

मंत्री असताना माणसाला सरकारची बाजू सांभाळून बोलावे लागते. राज्यसभेत ते बंधन नव्हते. अंदाजपत्रक असो, परराष्ट्र धोरण असो, ते उभे राहिले की बाके भरत असतील यात शंका नाही. आमच्या एका आप्तांनी महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांचा पंधरावा खंड नागपूरहून आणून दिला. संसदेतली भाषणे त्यात आहेत. इंग्रजी मजकूर, शब्दकोश शेजारी घेऊन आम्ही तो चार महिने वाचला. वाचता वाचता २ सप्टेंबर १९५३ या तारखेपाशी थबकलो.

श्रावणातली ती चर्चा

श्रावणाचे शेवटचे दिवस होते, गणपती बसायला आठ-दहा दिवस होते. सभागृहापुढे विधेयक होते आंध्र राज्याचे.

त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. तेलुगू भाषकांचे किनारपट्टीचे आणि रायलसीमेचे जिल्हे तेव्हा मद्रास राज्यात होते. वेगळ्या आंध्र राज्यासाठी पोट्टी श्रीरामुलू यांनी मद्रासेत प्राणांतिक उपोषण केले आणि १५ डिसेंबर १९५२ रोजी ते वारले. त्यानंतर दंगली उसळल्या, आणि चारच दिवसांनी पंतप्रधान नेहरूंनी आंध्र राज्य करण्याचे जाहीर केले. गृहमंत्री कैलासनाथ काटजू यांनी विधेयक आणले. १ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्नूल राजधानी असलेले हे राज्य अस्तित्वात आले.

आपला आदिलाबाद जिल्हा त्यात नव्हता. आपण होतो हैदराबाद राज्यात. पोलीस कारवाईनंतरच्या त्या हैदराबाद राज्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड असे तिन्ही मुलूख होते आणि दरबारी कारभाराला उर्दूची सवय होती. आमचे आजोबा सांगत, की कचेरीत गेले की उर्दू, बाजारात तेलुगू, घरात मराठी आणि शेतावरच्या माणसांशी गोंडी, असा त्यांचा दिवस जाई. तेव्हा कुणी कुणाला 'तू कोणत्या राज्याचा' असे विचारीत नसे.

म्हणजे विधेयक कागदोपत्री आपले नव्हते. पण बाबासाहेबांनी त्या दिवशी जो प्रश्न मांडला, तो तीन वर्षांनी आपल्याच दारात येऊन उभा राहणार होता.

प्रथम त्यांनी सरकारला धारेवर धरले. भाषावार प्रांतांचे तत्त्व काँग्रेसने १९२० पासून मान्य केलेले होते. आधीच मान्य असलेल्या गोष्टीसाठी एका माणसाला जीव द्यावा लागावा, ही राज्यकर्त्यांना शोभणारी गोष्ट नव्हे, असा त्यांचा रोख होता. दुसऱ्या एखाद्या देशात असे घडते तर सरकारची धडगत नसती, इथपर्यंत ते गेले.

मग ते मुख्य मुद्द्यावर आले. भाषेवर राज्य होईल, ठीक. पण त्या राज्यात सत्ता कोणाच्या हाती जाणार? जमीन, व्यापार, नोकऱ्या ज्या एक-दोन मोठ्या जातींकडे आहेत त्यांच्याच हाती. मग गावाबाहेर विखुरलेला, त्यांच्याच शेतावर राबणारा जो लहान समाज आहे, त्याचे रक्षण कोण करणार? आंध्रातल्या मोठ्या जातींची नावे त्यांनी घेतली. ती इथे उगाळण्याचे कारण नाही, कारण जे आंध्राला लागू तेच सगळ्या भाषावार राज्यांना लागू, असेच त्यांचे म्हणणे होते. पुढे दोन वर्षांनी लिहिताना त्यांनी महाराष्ट्रालाही यातून वगळले नाही.

त्यांनी उपाय सुचवला तो असा, की अल्पसंख्यांच्या रक्षणासाठी राज्यपालाला काही खास अधिकार असावेत. १९३५ च्या कायद्यात गव्हर्नरावर अशी विशेष जबाबदारी होती. कॅनडाचेही उदाहरण त्यांनी दिले. तिथे फ्रेंच आणि इंग्रज, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट असा भेद, म्हणून एखाद्या प्रांताने अल्पसंख्यांचा शाळेविषयीचा हक्क डावलला तर वर दाद मागण्याची सोय तिथल्या घटनेतच केलेली आहे. तेवढ्याने कॅनडाची लोकशाही काही बुडाली नाही.

घटना जाळण्याचे ते वाक्य

इथे सभागृहात खटका उडाला. राज्यपालाला नामधारी करणारी घटना तुम्हीच तर लिहिलीत, असे त्यांना सुनावण्यात आले. त्यावर बाबासाहेब उसळले. मी लेखनिकाचे काम केले, जे सांगितले गेले ते पुष्कळदा मनाविरुद्ध लिहिले, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. आणि थोड्या वेळाने म्हणाले, की घटना मी केली म्हणतात, पण ती जाळणाराही पहिला मीच असेन.

हे वाक्य आजही जो तो आपापल्या सोयीने वापरतो. त्याच्या पुढचे बोलणे मात्र कुणी सांगत नाही. पुढे त्यांनी बजावले, की कारभार चालवायचा असेल तर देशात बहुसंख्य आहेत तसे अल्पसंख्यही आहेत हे विसरू नका, आणि त्यांची दखल घेतल्याने लोकशाहीला धोका होतो असे सांगून त्यांना बाजूला सारू नका. खरा धोका त्यांना दुखावण्यात आहे. सगळे भाषण या एका गोष्टीसाठी होते. जाळण्याची भाषा त्या तळमळीतून आली.

दीड वर्षाने, १९ मार्च १९५५ रोजी, घटनेच्या चौथ्या दुरुस्तीवर चर्चा चालू असताना डॉ. अनूप सिंग यांनी त्यांना त्या वाक्याची आठवण करून दिली. बाबासाहेबांनी तिथल्या तिथे खुलासा केला. देवाला राहण्यासाठी आपण देऊळ बांधले, परंतु देवाची स्थापना होण्याआधीच त्यात असुर येऊन बसले तर करायचे काय, असा त्यांचा दृष्टान्त होता. एका सभासदाने मध्येच विचारले, की मग देऊळ कशाला पाडायचे, असुरालाच का हाकलू नये? त्यावरही त्यांच्याजवळ उत्तर होते, की असुरांपुढे आपले बळ पुरत नाही.

आपण दरवर्षी मखर उभारतो, प्राणप्रतिष्ठा करतो. मखर कितीही शोभिवंत असले तरी चौरंगावर कोण बसले आहे ते पाहूनच आपण हात जोडतो. आम्हांला वाटते, गणपतीच्या मांडवात हा दृष्टान्त समजावून सांगावा लागणार नाही.

मिठाचा कर आणि कायद्याचे नाव

आणखी दोन भाषणांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. दोन्ही सप्टेंबर १९५४ मधली.

अनुसूचित जाती-जमातींच्या आयुक्तांच्या अहवालावर बोलताना त्यांनी भूमिहीनांना जमीन देण्याचा प्रश्न काढला. जमीन द्यायची तर पैसा हवा. तो कुठून आणायचा? त्यांनी सुचवले, की मिठावरचा कर पुन्हा बसवा आणि गांधीजींच्या नावाने निधी उभारून तो पैसा अस्पृश्यांना जमिनीवर बसवण्यासाठी वापरा. पन्नास वर्षांपूर्वी नामदार गोखल्यांनी कलकत्त्याच्या कौन्सिलात मिठावरचा कर कमी करा म्हणून सरकारला आकड्यांनी जेरीस आणले होते, आणि १९०३ साली तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. गोखल्यांना कर उतरवायचा होता, आंबेडकरांना बसवायचा होता. पण दोघांच्या डोळ्यांसमोर शेवटच्या पंगतीतला माणूसच होता. गोखल्यांच्या काळी त्याच्या खिशातून पैसा जात होता, आंबेडकरांना तो त्याच्याकडे परत वळवायचा होता.

दुसरे भाषण अस्पृश्यता गुन्ह्यांच्या विधेयकावरचे. त्याच्या नावालाच त्यांची हरकत होती. कायद्याच्या नावात अस्पृश्यता हा शब्द पुढे कशाला? हा नागरी हक्कांच्या संरक्षणाचा कायदा आहे, तसेच नाव द्या, असे ते म्हणाले. तेव्हा कुणी ऐकले नाही. १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) अधिनियम या नावानेच कायदा झाला. पुढे १९७६ साली तो बदलून नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. शब्द बदलायला बावीस वर्षे लागली, आणि सुचवणारा तोवर वीस वर्षांपूर्वीच गेला होता.

रेघ ओढली गेली

आंध्र राज्य झाल्यावर देशभर मागण्या वाढल्या. सरकारने फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांचा आयोग नेमला. त्याचा अहवाल ३० सप्टेंबर १९५५ रोजी आला. हैदराबाद राज्यातून मराठी आणि कन्नड जिल्हे काढावेत, उरलेला तेलंगणाचा भाग तूर्त वेगळा ठेवावा आणि १९६१ च्या सुमाराच्या निवडणुकांनंतर तिथल्या विधानसभेने दोन तृतीयांश मतांनी ठरवले तरच तो आंध्रात मिळवावा, असे आयोगाने सांगितले.

बाबासाहेबांनी त्यावर त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक छोटे पुस्तक लिहिले. एका राज्यात एक भाषा असावी हे त्यांना मान्य होते, पण एका भाषेचे एकच राज्य असले पाहिजे हे मान्य नव्हते. महाराष्ट्राचे चार भाग करा, मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व, असे त्यांनी सुचवले. मराठवाड्यासारख्या मागे पडलेल्या भागाकडे मोठ्या राज्यात कोण पाहणार, ही त्यांची काळजी होती. हैदराबाद शहर भारताची दुसरी राजधानी करावे, असेही त्यांनी त्यात लिहिले. महाराष्ट्रातल्या पुष्कळांना हे रुचले नाही, आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी गोळ्या झेलल्या त्यांच्या भावनेचा आदर आम्हीही करतो. परंतु एका भाषेची दोन राज्ये होऊ शकतात हे आपण स्वतः पाहिले आहे. २० फेब्रुवारी २०१४ रोजी त्याच राज्यसभेने आंध्र प्रदेशाच्या पुनर्रचनेचे विधेयक मंजूर केले आणि २ जूनला तेलंगण राज्य झाले. ती चर्चा आम्ही दूरदर्शनवर पाहत होतो.

१९५६ साली मात्र आयोगाची सूचना बाजूला राहिली. १ नोव्हेंबरला तेलंगण आंध्रात गेले. कायद्याच्या एका कलमात आपल्या मुलखाचे भाग्य चार ओळींत लिहिले आहे. आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. उलट नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे इकडे राहिली. राजुरा पुढे चांदा जिल्ह्यात गेले. आजची जिवती त्या जुन्या राजुऱ्यातलीच. आपल्यापैकी किती घरांच्या लेकी जिवती-राजुऱ्याकडे दिल्या आहेत आणि किती सुना तिकडून आल्या आहेत, ते वेगळे सांगायला नको. त्या सोयरिकींमधून राज्याची सीमा गेली. केरामेरी आणि जिवती यांच्या मधल्या डोंगरावरची काही गावे तर आजवर दोन्ही राज्ये आपली म्हणतात, आणि तिथला माणूस दोन्हीकडे मत देतो.

अशा रीतीने १९५३ सालच्या त्या प्रश्नाचे आपण एक उदाहरण झालो. तेलुगू राज्यातले मराठी.

आमच्या हातून घडलेली एक गोष्ट

बाबासाहेबांचे म्हणणे अगदीच वाया गेले नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने दोन नवे अनुच्छेद आले. ३५०-क प्रमाणे अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्याने करावी, आणि ३५०-ख प्रमाणे भाषिक अल्पसंख्यांसाठी एक विशेष अधिकारी राष्ट्रपतींनी नेमावा. त्याच दुरुस्तीत अनुच्छेद ३७१ बदलून तेलंगणासाठी विधानसभेची प्रादेशिक समिती करण्याची तरतूद आली आणि ती नीट चालावी म्हणून राज्यपालावर विशेष जबाबदारी टाकता येईल असे ठरले. १९५३ साली राज्यपालाचे नाव काढले म्हणून ज्यांना टोकले गेले, त्यांचीच कल्पना तीन वर्षांनी मागल्या दाराने घटनेत आली. पुढे सत्तरीच्या दशकात ती समिती गेली, हा भाग निराळा.

मराठी शाळेसाठीचा नियमही त्याच सुमाराचा आहे. शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा मुले त्या भाषेची असली तर शिक्षक द्यावा. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी ठरवलेला हा आकडा १९५६ च्या केंद्राच्या निवेदनात आला. आदिलाबाद भागात ज्या मराठी शाळा टिकल्या त्यांच्या मुळाशी हे आहे. १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत आणखी ठरले, की जिथे एखाद्या भाषेचे लोक शेकडा पंधरा असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात.

हे सारे आम्हांला कधी कळले? नोकरीची वीस वर्षे झाल्यावर. आणि त्याआधी आमच्या हातून जे घडले ते इथे प्रामाणिकपणे लिहितो.

फार वर्षांपूर्वी आम्ही एका कार्यालयात खिडकीवर बसत होतो. डोंगरावरच्या एका गावातून एक म्हातारे परधान गृहस्थ अर्ज घेऊन आले. परधानांची बोली मराठीच्या जवळची, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. नातवाकडून वहीच्या पानावर मराठीत अर्ज लिहून आणला होता. वृद्धापकाळाच्या पेन्शनची तक्रार होती. अक्षर स्वच्छ, मजकूर मुद्देसूद. आम्ही तो वाचला, आम्हांला पूर्ण कळला, आणि आम्ही तो परत केला. "बाबा, तेलुगूत लिहून आणा, फायलीला हा चालत नाही." त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, तुम्हांला वाचता येत नाही का?" आम्ही काही बोललो नाही. ते पुन्हा आले नाहीत.

घटनेचा अनुच्छेद ३५० सांगतो, की गाऱ्हाणे मांडायचे असेल तर कोणत्याही माणसाला केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे अर्ज देता येतो. हे त्या दिवशी आम्हांला ठाऊक असते तर अर्ज ठेवून घेता आला असता आणि तेलुगू तर्जुमा आम्हीच करून जोडला असता. दहा मिनिटांचे काम होते. नुसते अज्ञान म्हणून ते सोडून देता येत नाही. मराठी माणसानेच मराठी अर्ज परत केला, कारण तेलुगू कचेरीत 'हा आपल्या लोकांची बाजू घेतो' असे कुणी म्हणू नये, ही भीती मनात होती. ते भाषण वाचताना ते म्हातारे गृहस्थ आम्हांला आठवले.

नाण्याची दुसरी बाजू

इथवर वाचून आपल्यापैकी काहींना वाटेल, की हा लेख मराठी भाषकांच्या हक्कांचा आहे. तेवढाच असता तर लिहिणे सोपे होते.

बाबासाहेबांनी 'अल्पसंख्य' म्हटले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः भाषा नव्हती. एकाच भाषेच्या राज्यात, एकाच गावात, बलवान शेजाऱ्यापुढे जो दुबळा पडतो तो त्यांच्या मनात होता. या मापाने नार्नूरमध्ये आपण कोण? तेलुगू राज्यात आपण थोडे आहोत हे खरे. पण गोंड, कोलाम आणि परधान यांच्या पाड्यांवर आपण कोण होतो? आपले वाडवडील शेती, दुकानदारी, नोकरी यांच्या निमित्ताने इथे आले आणि कष्टाने उभे राहिले. त्यांच्याविषयी आम्हांला अभिमान आहे. परंतु पाड्यावरच्या माणसाच्या दृष्टीने लिहिता-वाचता येणारा, हिशेब ठेवणारा, कचेरीत ओळख असलेला माणूस तेलुगू असो की मराठी, तो मोठाच. १९४० साली जोडेघाटात कोमरम भीम यांनी ज्या जमिनीसाठी प्राण दिले, ते ठिकाण इथून फार लांब नाही.

१९५३ साली बाबासाहेबांनी राज्यपालाचे जे अधिकार मागितले, ते घटनेच्या पाचव्या अनुसूचीत आदिवासी क्षेत्रांपुरते आधीपासून आहेत. राज्यपाल अशा क्षेत्रासाठी विनियम काढू शकतात, एखादा कायदा तिथे लागू नाही असेही म्हणू शकतात. त्याच अधिकाराखाली १९५९ चा जमीन हस्तांतराचा विनियम आला, १९६३ साली तो तेलंगणाच्या भागाला लागू झाला आणि १९७० च्या दुरुस्तीने आणखी कडक झाला. एजन्सी भागात बिगर आदिवासीला जमीन घेता येत नाही, एका बिगर आदिवासीने दुसऱ्याला विकली तरी चालत नाही.

आता खरे बोलायचे तर हा विनियम आपल्या घरांतून नेहमी कुरकुरीचा विषय झाला आहे. "तीन पिढ्या इथे गेल्या, आणि पोराला घर बांधायला जागा घेता येत नाही," हे वाक्य आमच्याही ओसरीवर बोलले गेले आहे, आणि आम्हीही ते बोललो आहोत. अडचण खरी आहे. ती आम्ही नाकारत नाही, आणि ती योग्य ठिकाणी मांडण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण ज्या तत्त्वावर आपण मराठी शाळा मागतो, मराठी अर्ज घ्या म्हणतो, त्याच तत्त्वावर तो विनियम उभा आहे. थोड्यांना थोपवून धरणारा एक आधार हवा, हे आपल्याला शाळेच्या बाबतीत पटते. मग जमिनीच्या बाबतीत कोलामाला तसा आधार असेल तर तो आपल्याला का खुपावा? दोन्ही ठिकाणी एकच माप लावणे आम्हांला अजून सोपे जात नाही, हे कबूल करतो. पण माप एकच आहे, एवढे त्या भाषणाने दाखवून दिले.

मंडळापुढे दोन सूचना

लेख लांबला. शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आणि आपणा सर्वांपुढे दोन लहान गोष्टी ठेवतो.

पहिली : मंडळात मराठी, तेलुगू आणि इंग्रजी तिन्ही लिहिता येणारी तरुण मुले-मुली आहेत. आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, त्यांनी दोन तास बसून लोकांचे अर्ज लिहून द्यावेत, तर्जुमे करून द्यावेत. अर्जाच्या माथ्यावर अनुच्छेद ३५० चा उल्लेख करावा. आम्ही सुट्टीच्या दिवशी मदतीला येऊ. नोकरीच्या नियमांत हे बसते, आम्ही पाहून घेतले आहे.

दुसरी : तिथे येणाऱ्याची भाषा विचारू नये. गोंडी बोलणारा आला, कोलामी बोलणारा आला, लंबाडा आला, तरी त्याचे काम आधी करावे. आपल्या आरतीला हे सगळे शेजारी येतात, प्रसाद घेतात. कचेरीच्या दारातही ते आपल्या शेजारीच उभे असावेत.

ते म्हातारे परधान गृहस्थ आता हयात नसतील. त्यांचा नातू असेल, वहीच्या पानावर ज्याने तो स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला होता. तो आता तिशीचा झाला असेल. तो एखाद्या बाजाराच्या दिवशी आपल्या टेबलापाशी आला तर अर्ज आम्ही स्वतः लिहून देऊ, त्याला हव्या त्या भाषेत.

गणपती बाप्पा मोरया!

— मंडळाचा एक सभासद, नार्नूर